लेथच्या बरचं (लेथ मशीनवर कापताना पडणाऱ्या धातूच्या कातरणीचं) काय करता?

बेळगावच्या उद्यमबागेत छोटं वर्कशॉप हाय, एमएस (साधं लोखंड), बीड (ओतीव लोखंड) आणि ॲल्युमिनियमची बर सगळी एकाच ड्रममध्ये पडते, भंगारवाला मिक्स म्हणून कवडीमोल भाव देतोय. काय करू?

– अहो पहिलं ड्रम वेगळे करा की! जॉबचं मटेरियल बदललं की ट्रे झाडायचा. मिसळलंच तर चुंबक फिरवा, लोखंड-बीड चिकटतं, ॲल्युमिनियम राहतं.

– आणि कूलंट (कापताना थंडाव्यासाठी सोडतो ते पाणी-तेल) निथळू द्या, जाळीवर रात्रभर ठेवा. ओली बर भट्टीत पडली की वाफ होऊन वितळलेल्या धातूचा रस उडतो, म्हणून फौंड्रीवाले घेत नाहीत. गाळलेलं कूलंट परत वापरता येतं, गटारीत सोडू नका.

– लांब गुंडाळी हाताने ओढू नका वो, हूक वापरा. माझं बोट कापलंय.

– बीडची भुकटी झाकून ठेवा, पावसात गंजून गठ्ठा होतोय.