कुत्रीला घेऊन ट्रेनने एक दिवस बाथला जायचंय, सल्ला हवा

रेडिंगची_रमा

मंडळी, नमस्कार. नेहमी वाचनमात्र असते, पण आता अडलंय.

आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी इथे इंग्लंडात आमच्याकडे आली आहे आणि तिला बाथ हे गाव बघायचंय. "रोमन लोकांची न्हाणीघरं बघायला चालले" असं फोनवर सगळ्या मैत्रिणींना सांगून बसली आहे, त्यामुळे माघार नाही. येत्या शनिवारी गाडीने जाणार होतो, ती गाडी गॅरेजात. आमच्या कुत्रीला, खारीला, ज्यांच्याकडे दिवसभर ठेवणार होतो त्यांनी काल रात्री नकार कळवला. घरी एकटी ठेवली तर रडून गल्ली गोळा करते. तेव्हा आई, मी, नवरा आणि खारी असे चौघं रेडिंगहून ट्रेनने जाऊ म्हणतोय.

खारी म्हणजे कोथरूडच्या एका बेकरीसमोर सापडलेली अस्सल गावठी कुत्री. वय ५, वजन १७ किलो. दोन वर्षांपूर्वी इथे आणली. (रेबीजचं इंजेक्शन, मग रक्ततपासणी, मग तीन महिने वाट, मग विमानाच्या कार्गोतून हीथ्रो. तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.) रिक्षा, म्हशी, गणपतीतले ढोल सगळं पचवलेलं आहे, पण ट्रेनमध्ये आजवर बसलेली नाही.

तिकीट लागतं का? बसायचं कुठे? न्हाणीघरात घेतात का? आणि आईचे गुडघे दुखतात, तर चढण कितपत आहे?

टेम्सकाठचा_तात्या

तिकिटाचं आधी सांगतो. एका प्रवाशामागे दोन कुत्री फुकट. त्या मार्गावर सायकलची जागा आधी राखून ठेवावी लागते, कुत्र्याला तेही नाही. फक्त पट्टा हातात हवा आणि सीटवर चढवायचं नाही.

तुम्ही तिघं आहात ना? मग तिकीट काढताना ग्रुपसेव्ह घ्या. ३ ते ९ मोठी माणसं मिळून जात असतील तर ऑफ-पीक (गर्दीच्या वेळा सोडून असलेल्या) तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते, वेगळं कार्ड लागत नाही. शनिवार म्हणजे ऑफ-पीकच. जाता-येता दोन्ही वेळा तिघांनी एकत्रच राहायचं, एवढं पाळा. रेडिंग ते बाथ स्पा थेट गाडी आहे, साधारण तासभर.

स्टेशनात आपोआप उघडमीट होणाऱ्या अरुंद फाटकातून खारीला नेऊ नका. व्हीलचेअर आणि सामानासाठी एक रुंद फाटक असतं, तिथून जा. अरुंद फाटक माणूस पलीकडे गेला की मिटायला लागतं आणि शेपूट अजून अलीकडेच असते.

उचापती

खारीला धरून चार होतात, नाही का?

टेम्सकाठचा_तात्या

सूट पैसे भरणाऱ्यांना मिळते हो. ती आधीच फुकट चालली आहे.

पुणे_३८

वाचून जीव जळला. आमच्याकडे कुत्र्याला सोबत न्यायचं तर फर्स्ट एसीचा आख्खा कूपे किंवा केबिन हवी, आणि ती आपल्या वाट्याला आली की नाही हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही. नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. एसी चेअरकारमध्ये कुत्रा चालतच नाही, म्हणजे पुणे-मुंबई सकाळी जाऊन संध्याकाळी परत हा बेत तिथेच संपला. गार्डच्या डब्यातल्या पेटीत आमच्या लॅब्रॅडॉरला एकदा पाठवला होता. प्रत्येक मोठ्या स्टेशनवर मी पाण्याची बाटली घेऊन मागे पळत होतो. पुन्हा नाही.

रमाताई, खारीला आमच्या गल्लीचा नमस्कार सांगा. कोणती बेकरी?

संशयात्मा

वेगळं मत देतो. ज्या कुत्रीने ट्रेन पाहिली नाही तिला पहिल्याच दिवशी शनिवारच्या बाथमध्ये नेणं मला पटत नाही. मे महिना, त्यात बाथच्या रग्बी संघाचा घरचा सामना असला तर गाड्या आणि रस्ते दोन्ही तुडुंब. मैदान नदीकाठी, अगदी गावातच आहे. तारीख बघून घ्या.

त्यापेक्षा ऑक्सफर्ड. रेडिंगहून अर्ध्या तासाच्या आत, सगळं सपाट, क्राइस्ट चर्च मेडो या कुरणात पट्ट्यावर कुत्री चालतात. पोर्ट मेडोला मात्र गाई-घोडे मोकळे फिरतात, पण खारीला म्हशींची सवय आहे म्हणता.

रेडिंगची_रमा

ऑक्सफर्ड आईला सुचवून पाहिलं. "तिथे न्हाणीघर आहे का?" एवढंच विचारलं. विषय संपला.

रग्बीचं बघितलं, त्या दिवशी सामना नाही.

ब्रिस्टलची_मावशी

मी शेजारच्या गावची. माझा म्हातारा स्पॅनियल कुत्रा आणि मी महिन्यातून एकदा तरी बाथला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सराव. शनिवारच्या आत एका संध्याकाळी खारीला रेडिंगहून पॅंगबर्नपर्यंत नेऊन आणा. दहाएक मिनिटांचा प्रवास, उतरल्यावर नदीकाठी कुरण आहे, तिथे हुंदडू दे आणि परत या. ट्रेनच्या शेवटी काहीतरी छान असतं हे तिला कळलं की निम्मं काम झालं. डब्यात चढताना फट मोठी असते. पहिल्यांदा उचलूनच चढवा, पाय अडकला तर ती जन्मात पुन्हा चढणार नाही.

आत बसताना ती खिडकीकडच्या बाजूला, तुमच्या पायांशी हवी. वाटेत पंजे पसरून झोपली की लोकांच्या बॅगांची चाकं त्यावरून जातात. घरातली जुनी चादर न्या. गार जमिनीपेक्षा मला वाटतं त्या चादरीच्या वासाचाच उपयोग जास्त.

आता महत्त्वाचं. चिपनम स्टेशन गेलं की थोड्या वेळाने बॉक्सचा बोगदा लागतो. ब्रुनेल या इंजिनियरने काढलेला, १८४१ मध्ये उघडलेला, जवळजवळ ३ किलोमीटर लांब. गाडी वेगात शिरते तेव्हा आपलेही कान दडपतात, कुत्र्याचं तर विचारू नका. चिपनम सुटलं की चघळायला काहीतरी द्या आणि बोगदा संपेपर्यंत हात पाठीवर ठेवा. आपण "घाबरू नको, घाबरू नको" करत बसलो तर ती हमखास घाबरते.

न्हाणीघरात मदतनीस कुत्र्यांशिवाय कुणाला प्रवेश नाही. वेळेचं तिकीट आधी काढा आणि पाळी लावा: आई आणि एकजण आत, दुसरा बाहेर. आत दीड-दोन तास सहज जातात. बाहेर ॲबीसमोरच्या (गावातलं मोठं चर्च) चौकात मात्र खारीला घेऊन थांबू नका. तिथे गाणारे-वाजवणारे ध्वनिवर्धक लावून उभे असतात, आणि सीगल पक्षी लोकांच्या हातातला घास पळवतात.

त्याऐवजी बाहेर राहणाऱ्याने कालव्यावर जावं. स्टेशनच्या मागे पादचारी पूल ओलांडला की विडकम हा भाग लागतो. तिथून केनेट-एव्हन कालव्याच्या काठाने चढत जायचं. वाटेत बोटींसाठी पाणी चढवण्या-उतरवण्याचे दरवाजे आहेत, त्यातला एक जवळजवळ ६ मीटर खोल. कठडा म्हणावा तसा नाही, तेव्हा पट्टा आखूड धरा. पुढे ही वाट सिडनी गार्डन्सला निघते. या बागेच्या मधोमध रेल्वे जाते, म्हणजे ज्या गाडीने आलात तीच आता खारी वरून बघणार. समोरच्या ४ सिडनी प्लेसमध्ये लेखिका जेन ऑस्टिन राहत होती, १८०१ पासून तीनेक वर्षं. हे खारीला नाही, आईंना सांगा.

रॉयल क्रेसेंट चढावर आहे. आईंना टॅक्सीने वर न्या आणि चालत खाली उतरा. ३० घरांची ती अर्धगोल ओळ (१७६७ ते १७७४) सगळे बघतात. घरांच्या लगतची हिरवळ तिथल्या रहिवाशांची खासगी आहे, तिकडे खारी नको. त्याखालच्या रॉयल व्हिक्टोरिया पार्कात मनसोक्त लोळू दे. राणी व्हिक्टोरिया ११ वर्षांची राजकन्या होती तेव्हा, १८३० मध्ये, तिनेच या बागेचं उद्‌घाटन केलं होतं.

खाण्याबद्दल: बऱ्याच पबमध्ये कुत्री चालतात, दारात पाण्याचं भांडंही असतं, तरी आत शिरण्याआधी विचारा. गावात बनचं फार प्रस्थ आहे. आईंना खाऊ दे, खारीला तुकडासुद्धा नको, त्यात बेदाणे असतात आणि ते कुत्र्यांना विषारी. जेवणाच्या डब्यात लसणाची चटणी किंवा कांदा असेल तर तेही नाही.

गळपट्ट्यावर नाव-पत्त्याचा बिल्ला आहे ना? इथे तो कायद्याने लागतो, कातडीखालची ओळखीची नुसती चिप पुरत नाही.

लंडनवासी_गण्या

मावशी, वाचनखूण साठवली. लंडनहून जाणाऱ्यांसाठी भर घालतो: पॅडिंग्टन स्टेशनला पोचायला ट्यूब (भुयारी रेल्वे) घेणार असाल तर सरकत्या जिन्यावर कुत्र्याला उचलून घ्यावं लागतं. आमचा लॅब ३४ किलोचा आहे. लिफ्ट असलेली स्टेशनं मला आता तोंडपाठ आहेत.

रेडिंगची_रमा

मावशी, काय लिहू! बिल्ल्यावर अजून कोथरूडचाच पत्ता होता. आज नवीन करून घेतला.

पॅंगबर्नचा सराव झाला. जाताना थरथरत होती, येताना नवऱ्याच्या बुटावर डोकं ठेवून झोपली.

रेडिंगची_रमा

रविवार सकाळ. वृत्तांत देते.

जाताना डब्यात जागा मिळाली, खारी आईच्या सीटखाली. चिपनम गेल्यावर मी चघळायची कांडी काढली, हात पाठीवर ठेवला, सगळं मावशींच्या आज्ञेबरहुकूम. बोगदा आला. खारीने कान हलवले आणि कांडी चघळत राहिली. घाबरली ती आई. "अगं हे कधी संपतंय?" म्हणून तिने माझा हात जो धरला तो उजेड येईपर्यंत सोडला नाही. तिला कुणी आधी सांगितलंच नव्हतं!

न्हाणीघरात आई आणि नवरा गेले. (जावयाने ऐकण्याचं यंत्र कानाला लावून प्रत्येक थांब्यावर मराठीत भाषांतर केलं म्हणे. लग्नाला अकरा वर्षं झाली, माझ्यासाठी असं कधी झालेलं नाही.) मी आणि खारी कालव्यावर. तिथे तिला बदकं दिसली आणि पट्टा आखूड धरा म्हणजे काय ते मला समजलं. सिडनी गार्डन्समध्ये गाडी आली तेव्हा मात्र ती भिंतीपासून मागे सरकली, मग पुढच्या गाडीला शेपूट हलवली.

चूक एक झाली. क्रेसेंटला टॅक्सी थांबवली, पण चालकाने कुत्री बघून मान हलवली. बोलावतानाच सांगायला हवं होतं, हे आपलं आपणच समजायचं. दुसरी मिळाली, दहा मिनिटं गेली. आईने तेवढ्यात बाकावर डबा उघडून दशम्या काढल्या. खारीला साधी दशमी मिळाली, चटणी नाही.

येताना गाडीला गर्दी होती, दाराजवळच्या जागेत उभे राहिलो. आईला एका मुलाने सीट दिली. खारी माझ्या पायांत. दमली होती, तक्रार नव्हती. संध्याकाळची गाडी जरा उशिराची धरली असती तर बरं झालं असतं.

ब्रिस्टलची_मावशी

टॅक्सीचं लिहायचं राहिलंच होतं, चूक माझी. आईंच्या गुडघ्यांचं काय?

रेडिंगची_रमा

उतरताना एकदा थांबलो, बाकी ठीक. आज सकाळपासून फोनवर आहे. न्हाणीघराचं दोन वाक्यांत आटपतं, मग "आणि कुत्रीला तिकीट नाही हो!" इथून पुढे वीस मिनिटं.

पुणे_३८

बेकरी कोणती ते अजून सांगितलं नाहीत.