लेबनॉनच्या मिशनची मुदत वाढली म्हणतात, मग आमच्या दादाचं काय?

दारव्ह्याचा_पोट्टा

राम राम मंडळी. प्रश्न अर्धा घरचा आहे अन् अर्धा जगाचा, हसू नका. माया मोठा भाऊ फौजेत आहे, यंदा त्याची पलटण यूएनच्या शांतिसेनेत लेबनॉनले गेली. गणपती बसले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २८ ऑगस्ट २०२५ ले, टीव्हीवर खाली पट्टी फिरत होती का लेबनॉनच्या शांतिसेनेला शेवटची मुदतवाढ, ३१ डिसेंबर २०२६ नंतर मिशन बंद. आई महालक्ष्म्यांच्या फुलोऱ्याचं पीठ मळत होती, तिनं 'बंद' एवढंच ऐकलं, तिले वाटलं पोट्टा दिवाळीले घरी. बाबानं 'डिसेंबर २०२६' ऐकलं, ते म्हणे आता सव्वा वर्ष सुटका नाही. अन् ज्या पोरीकडचे लग्नासाठी दादाले पायून गेले होते त्यायनं संध्याकाळी फोन करून इचारलं का मुलगा नक्की केव्हा येते ते लिहून द्या. आता हे मी काय लिहून देऊ?

मले एवढंच समजून सांगा, वाढवली अन् बंद हे एकाच वाक्यात कसं? ही मुदत वाढवते कोण, अन् दरवेळी काऊन वाढवा लागते? १९७८ पासून तिथं हायेत म्हणतात, मग एकदाच काऊन नाही लिहून टाकत? दादाले इचारलं तर तो म्हणते आम्हाले काही माहीत नाही, इथं शेळ्या तपासणं चालू आहे. (खरंच, त्यायच्या संगं जनावरांचा डॉक्टर असते, गावागावात जाऊन शेळ्या-गाई पायतात. आमच्या गावात गुरांचा डॉक्टर दोन महिन्यांपासून नाही आला ते वेगळं.)

नकाशेवाले_सर

भाऊ, सालदार ठेवतो ना आपण, तसं समज. पाडव्याला सालदार ठेवला की वर्षाचं ठरतं, काम काय, ज्वारी किती, पैसे किती. पुढच्या पाडव्याला पुन्हा बसायचं, पटलं तर पुढचं साल, नाही पटलं तर राम राम. मँडेट म्हणजे तो ठराव, रिन्यू म्हणजे पाडव्याची बैठक. फक्त इथे मालक एक नाही, सुरक्षा परिषदेचे १५ देश आहेत. ठराव पास व्हायला ९ मतं लागतात अन् अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स यांच्यापैकी एकानेही व्हेटो, म्हणजे ठराव अडवणारं मत, टाकायला नको. सातबाऱ्यावर एका भावानं सही नाही केली की कसं अडतं, तसंच.

लेबनॉनचा मसुदा फ्रान्स लिहितं, जुनी पद्धत आहे. यंदा अमेरिका म्हणत होती बंद करा, इस्राएललाही तेच पाहिजे होतं, लेबनॉन सरकार म्हणत होतं राहू द्या. मग मधला रस्ता काढला, ठराव क्रमांक २७९०, पंधराच्या पंधरा मतांनी पास. त्यात लिहिलं की ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत काम चालू, त्यानंतर एका वर्षाच्या आत सगळं आवरून निघा. म्हणून वाढवली पण अन् बंद पण. सालदाराला सांगितलं की बाबा हे शेवटचं साल, वर हिशोब करायला अन् बैलबंडी परत करायला वेगळा वेळ देतो.

एकदाच का लिहून टाकत नाही ते विचारलं ना. पूर्वी लिहून टाकलं होतं. १९४८ ची जेरुसलेमची निरीक्षक तुकडी अन् १९४९ ची काश्मीरची, या दोघींना मुदतच नाही. काश्मीरवाल्यांबद्दल भारत म्हणतो की १९७२ च्या सिमला करारानंतर तुमचं काम संपलं, पण परिषद ठराव करून काढत नाही तोवर ते आहेतच. गळ्यात पडलेला पाहुणा. नंतरच्या मिशनांना मात्र तारीख टाकायला लागले. लेबनॉनचं यंदापर्यंत ऑगस्टमध्ये, काँगोचं डिसेंबरमध्ये, दक्षिण सुदानचं एप्रिलमध्ये, अन् इस्राएल-सीरियामधल्या गोलान टेकड्यांचं तर दर ६ महिन्यांनी.

मेहकरचा_माजी_हवालदार

सरांनी चांगलं सांगितलं. मी कामाचं सांगतो. तुझ्या दादाच्या येण्याचा अन् त्या ३१ डिसेंबरचा सरळ संबंध नाही. मिशनची तारीख न्यूयॉर्कमध्ये ठरते, पलटणीची बदली दिल्लीत ठरते. एक पलटण साधारण वर्षभर राहते, मग दुसरी येते, पहिली घरी. बाबाला सांग, मिशन चालू आहे म्हणून कोणी तुमच्या पोराला शेवटपर्यंत तिथं बसवून ठेवत नाही. अन् आईला सांग दिवाळीला नाही येणार. वाईट वाटेल पण आत्ताच सांग.

आणखी एक, पलटणीचं नाव, कॅम्पचं नाव, निघायची तारीख यातलं काही इथे लिहू नको. पोरीकडच्यांना सुद्धा कागदावर काही देऊ नको, तोंडी सांग. तू अजून लिहिलं नाहीस हे बरं केलं.

वेचणीवाला

मास्तर, सगळं समजलं पण मले एक सांगा, ४७ वर्षं तिथं बसून केलं काय? १९८२ ले इस्राएल त्यायच्या डोळ्यासमोरून आत गेलं, २००६ ले लढाई झाली, २०२४ ले पुन्हा झाली अन् त्यात यायच्याच चौक्यांवर गोळे पडले. आपले पोट्टे तिथं काऊन उभे करता? आणि सुरक्षा परिषदेत या वर्षी आपण नाही, पाकिस्तान आहे! म्हणजे हात वर करणार ते अन् उन्हात उभा राहणार आपला जवान. इथं सोयाबीन पिवळं पडलं त्याचा पंचनामा करायला माणूस नाही.

नकाशेवाले_सर

दादा, पाकिस्तानचे जवान पण मिशनांमध्ये भरपूर असतात, ते सोडा. बाकी मुद्दा खरा आहे, जवान देणाऱ्या देशाला मत असेलच असं नाही, भारत हे कित्येक वर्षं बोलून राहिला. पण त्यांनी थांबवलं का नाही असं विचारताना त्यांना थांबवायला सांगितलं होतं का ते पहा. २००६ चा ठराव १७०१ असा आहे की लेबनॉनच्या सैन्याला दक्षिणेत जम बसवायला मदत करा, ब्लू लाइनवर, म्हणजे इस्राएल-लेबनॉनमधल्या यूएननं आखलेल्या रेषेवर, नजर ठेवा, कोणी ओलांडली तर कळवा. हिजबुल्ला या तिथल्या हत्यारबंद संघटनेच्या घरात घुसून बंदुका काढून आणा असं त्यात नाही. राखणदाराला काठी दिली अन् नंतर म्हणायचं वाघ का नाही मारला.

आणि वावर ज्याचं त्याची हो लागते. आफ्रिकेतल्या माली देशानं २०२३ च्या जूनमध्ये यूएनच्या मिशनला सांगितलं निघा, डिसेंबर संपेपर्यंत सगळे बाहेर. १९६७ ला इजिप्तनं असंच सांगितलं होतं, निघता निघता युद्ध पेटलं अन् गाझात आपले जवान मारले गेले.

मेहकरचा_माजी_हवालदार

वेचणीवाले भाऊ, रागावू नका, लांब लिहितो. मी २०१४ च्या पावसाळ्यात दक्षिण सुदानला होतो, जोंगलेई भागात. तिथली जमीन अगदी आपल्यासारखी, काळी. पाणी पडलं की गाडी उभ्या जागी बसते, रस्ता म्हणून जे असते ते दिसतच नाही, आठ-आठ दिवस हेलिकॉप्टरशिवाय काही नाही. पहिल्या दिवशी बुटाला चिखल लागला तर मला वाटलं मी घरच्या धुऱ्यावर उभा आहो.

आता कागदाची गोष्ट ऐका. ते मिशन २०११ मध्ये सुरू झालं, देश नवा होता, तर लिहिलं होतं की नव्या सरकारला उभं राहायला मदत करा. डिसेंबर २०१३ मध्ये त्याच सरकारची फौज दोन भागात फुटली अन् आपसात कापाकापी सुरू. हजारो माणसं जीव घेऊन यूएनच्या कॅम्पात घुसली. जोंगलेईतल्याच अकोबोला आपले दोन जवान त्यातच गेले. एप्रिल २०१४ मध्ये तिथल्याच बोर शहरातल्या कॅम्पवर जमाव चालून आला, चाळीसच्या वर माणसं आतल्या आत मेली. मग मे २०१४ मध्ये परिषदेनं ठराव बदलला, सरकारला मदत हे काढून टाकलं अन् पहिलं काम लिहिलं, सामान्य माणसाचं रक्षण. म्हणजे ज्याच्या मदतीला गेलो त्याच्याच बंदुकीपासून लोकांना वाचवायचं.

आम्ही गेटवर उभे असायचो तेव्हा हा फरक कळत होता. आधीच्या कागदात सरकारी गाडी आली की सलाम, नंतरच्या कागदात तीच गाडी आली की हात ट्रिगरजवळ. एक बाई रोज पहाटे टिनाचा डबा घेऊन फाटकाशी यायची, सरपण आणायला बाहेर जाऊ का विचारायला. भाषा येत नाही, ती बोट दाखवायची, आम्ही मान हलवायचो. आमची गस्त त्या बाजूनं निघाली असली की होय, नसली की नाही. आता ती गस्त काढायची का नाही हे कुठून येते? त्या ठरावातल्या एका ओळीतून येते. तुम्हाले वाटते न्यूयॉर्कात सूट घालून हात वर करतात, तर तसंच आहे ते, पण त्या ओळीवर आमची बंदूक चालते किंवा चालत नाही.

किती उपयोग झाला ते मला नाही सांगता येत. ती बाई मी निघालो त्या दिवशी पण डबा घेऊन आली होती.

वेचणीवाला

काका, तुमच्यावर नव्हतं बोलायचं. मी आपला दिल्लीवाल्यांवर बोलत होतो.

कारंज्याची_ताई

दारव्ह्याच्या भाऊ, पैशाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण पोरीकडचे ते नक्की विचारणार. आमच्या आत्याच्या घरी हाच घोळ झाला होता, सोयऱ्यांना कोणीतरी सांगितलं की पोराला महिन्याला चौदाशे डॉलर मिळतात, मग हुंडा नाही म्हणणाऱ्यांनी पण गाडीची गोष्ट काढली (उलटीकडून, मुलीकडच्यांना वाटलं मुलगा घेऊन देईल 😄). यूएन एका जवानामागे महिन्याला चौदाशे डॉलरच्या वर देतं हे खरं, पण ते देशाच्या सरकारला देतं अन् तेही उशिरा. जवानाला त्याचा पगार अन् बाहेरचा भत्ता आपल्या सरकारच्या नियमानं. एवढं आधीच सांगून टाक.

दारव्ह्याचा_पोट्टा

लय उपकार झाले सगळ्यायचे. सालदाराचं उदाहरण बाबाले सांगतलं तर ते लगेच समजले, वरून म्हणे मग शेवटच्या सालात सालदार काम करते का कधी, नुसता दिवस मोजते. दादाले फोनवर हे सांगतलं तर तो हसला नाही, म्हणे उलट आता जास्त जपा लागते, जाणाऱ्या माणसाले कोणी भीत नाही.

दारव्ह्याचा_पोट्टा

(दिवाळीनंतर लिहून रायलो.) धागा वर आणतो, माफ करा. मधात ऑक्टोबरमध्ये पुन्हा पट्टी आली का यूएनकडे पैसे नाहीत म्हणून ९ मिशनांमधले चौथाई जवान कमी करणार. आईनं पुन्हा पेढे आणाले पाठवलं. या वेळी मीच थांबवलं, म्हटलं माय, न्यूयॉर्कचं वेगळं अन् दिल्लीचं वेगळं, पलटणीचा हुकूम आल्याशिवाय पेढे नाहीत. हवालदार काका, बरोबर सांगतलं ना मी?

पोरीकडचे येऊन गेले. लिहून काही दिलं नाही, तोंडीच झालं. तिच्या बाबानं सगळं ऐकून एकच इचारलं, मिशन बंद झाल्यावर त्या गावातल्या शेळ्या कोण तपासणार. त्यायच्या घरी पण शेळ्याच हायेत. मले काही सांगता नाही आलं, आई म्हणे चहा घ्या.

मेहकरचा_माजी_हवालदार

बरोबर सांगितलं. पेढे मात्र हुकूम आल्यावर पण नको, पोरगा दारात उभा राहिला की आण. लग्नाची तारीख इथे टाकू नको, मला मेसेज कर.