विमानातून ड्रोन न्यायचाय, बॅटऱ्यांचं काय करायचं?

टेकडीवाली

नमस्कार मंडळी. ड्रोन घेऊन पहिल्यांदाच विमानाने जाणार आहे. मध्ये एकदा विमान बदलायचंय, आणि पुढचं विमान दुसऱ्या कंपनीचं आहे. सामान असं: डीजेआय एअर ३, त्याच्या तीन बॅटऱ्या, चार्जिंग हब (त्या बॅटऱ्या खोचून चार्ज करायचा), रिमोट, शिवाय २०,००० एमएएचची पॉवर बँक. शोधाशोध केली तर जितकी तोंडं तितक्या गोष्टी. कुणी म्हणतं सगळं चेक-इनमध्ये टाकून मोकळं व्हा, कुणी म्हणतं बॅटरी दिसली की काढूनच घेतात. ज्यांनी खरोखर नेलाय त्यांनी सांगा. ड्रोन कुठे ठेवायचा, बॅटऱ्या कुठे, चार्ज किती ठेवायचा, आणि आधी कुणाला कळवावं लागतं का?

खटपट्या

ड्रोनचं नंतर बघू. खरा प्रश्न बॅटऱ्यांचा आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत. हा एखाद्या कंपनीचा लहरीपणा नव्हे, नियम आंतरराष्ट्रीय आहे. त्या केबिन बॅगेतच हव्यात.

आता एक बॅटरी हातात घ्या आणि उलटी करा. बारीक राखाडी अक्षरांत क्षमता ४२४१ एमएएच, व्होल्टेज १४.७६ आणि पुढे ६२.६ वॉट-अवर (बॅटरीत मावणारी एकूण ऊर्जा) असं छापलेलं दिसेल. विमानतळावर या शेवटच्या आकड्यालाच किंमत आहे. १०० वॉट-अवरपर्यंत कुणाची परवानगी लागत नाही. १०० च्या वर १६० पर्यंत कंपनीची आधी मंजुरी हवी आणि सुट्या बॅटऱ्या माणशी दोनच. १६० च्या पुढे प्रवासी सामानात जागाच नाही.

तुमच्या तिन्ही बॅटऱ्या आरामात बसतात. पॉवर बँकसुद्धा सुटी बॅटरीच धरतात, म्हणजे तीही केबिनमध्येच. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट भागिले १,०००, झाले ७४ वॉट-अवर. बरेच जण इथे यूएसबीचे ५ व्होल्ट धरून १०० काढतात आणि उगाच घाबरतात. आतल्या सेलचं व्होल्टेज धरायचं.

उगाचएक

हे जरा जास्तच होतंय असं नाही का वाटत? ड्रोन बंद, बॅटरी बंद, बॅग कुलूपबंद. खाली सामानात पडून राहिली तर काय बिघडतं? माझ्या ओळखीतले बरेच जण बिनधास्त चेक-इन करतात, कुणालाही काही झालेलं नाही.

पोटमाळा

उगाचएक, नावाला जागलात.

बॅटरी बंद आहे म्हणजे ती निर्जीव आहे असं नव्हे. आतल्या आत शॉर्ट झालं, दाबली गेली किंवा कारखान्यातूनच दोष घेऊन आली, तर सेल तापायला लागतो. एका मर्यादेपलीकडे तो स्वतःच्याच रासायनिक क्रियेने आणखी तापतो आणि शेजारच्या सेललाही पेटवतो. मालकक्षात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा मारतो, पण सेल थंड करत नाही. त्यामुळे आग विझल्यासारखी दिसते आणि आत बॅटरी एकामागून एक सेल घेत सुटते. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफएएने (तिथली विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) बॅगेत लॅपटॉपची बॅटरी मुद्दाम तापवून चाचण्या केल्या. शेजारी ड्राय शाम्पूचा साधा स्प्रेचा डबा ठेवला होता. त्या डब्याचा स्फोट झाला, आणि असा स्फोट हॅलॉनला दाद देत नाही हा खरा धडा होता. कपडे, डिओ आणि बॅटऱ्या एकत्र कोंबलेली चेक-इन बॅग म्हणजे तेच तर असतं!

केबिनमध्ये तीच बॅटरी पेटली तर वास येतो, कुणीतरी ओरडतं, कर्मचारी अग्निशामक मारतात आणि मग भरपूर पाणी ओतून ती थंड करतात. फरक एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे.

सप्टेंबर २०१० मध्ये दुबईहून निघालेलं यूपीएसचं ७४७ मालवाहू विमान आतल्या मालाला आग लागून पडलं, दोन्ही वैमानिक गेले. त्या विमानात ८१ हजारांवर लिथियम बॅटऱ्या होत्या. आता तुम्ही म्हणाल, कुठे ८१ हजार आणि कुठे माझ्या तीन. मान्य. पण प्रत्येक प्रवाशाने तोच हिशेब मांडला तर खाली किती होतील?

उगाचएक

ठीक आहे, स्प्रेच्या डब्याचं माहीत नव्हतं. मागे घेतो.

सोल्डरगन

मी एफपीव्हीवाला (चष्म्यात ड्रोनच्या कॅमेऱ्याचं दृश्य बघत उडवणारा), म्हणजे उघड्या लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्यांचा गठ्ठा घेऊन फिरणारा. आमच्या बॅटऱ्यांना कडक कवच नसतं, त्यामुळे काळजी दुप्पट. १३०० एमएएचची ६एस (ओळीने जोडलेले सहा सेल, २२.२ व्होल्ट) म्हणजे १.३ गुणिले २२.२, साधारण २९ वॉट-अवर. आकडा छोटा आहे, पण बॅटऱ्या भरपूर असतात. आयएटीएच्या (विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमात माणशी २० सुट्या बॅटऱ्यांची मर्यादा आहे आणि त्यात फोनच्या, कॅमेऱ्याच्या, सगळ्याच आल्या. काही कंपन्या याहून कमी नेऊ देतात, म्हणून गठ्ठा मोठा असेल तर आधी त्यांचं पान वाचा.

दुसरी गोष्ट लेबलची. लायपोवर अनेकदा फक्त एमएएच आणि ६एस लिहिलेलं असतं, वॉट-अवर नसतात. मी हिशेब करून पांढऱ्या स्टिकरवर लिहून चिकटवतो, पण कंपनीचं मूळ लेबल झाकत नाही. तपासणीवाल्या माणसाला गुणाकार करायला लावू नका, त्याच्यामागे रांग असते. चीनमध्ये तर लेबल पुसट असलं तरी बॅटरी अडवतात. घरी जोडलेला, लेबलच नसलेला पॅक असेल तर तो घरीच ठेवा.

टोकांचं म्हणाल तर एक्सटी६० कनेक्टरवर रबरी टोपी, बॅलन्स वायर (प्रत्येक सेलला जोडलेल्या बारीक तारा) दुमडून टेपने बॅटरीच्याच अंगाला, आणि प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत. बाहेरून न जळणाऱ्या कापडाची लायपो बॅग. ती बॅग सक्तीची नाही, पण उघडून दाखवली की समोरच्याचा चेहरा निवळतो.

आणि दुरुस्तीसाठी म्हणून गॅसवर चालणारं सोल्डरिंग आयर्न (तारांना डाख द्यायचं हत्यार) सोबत घेऊ नका.

खटपट्या

टेकडीवाली, तुमच्या बॅटऱ्यांना कवच आहे आणि टोकं खोबणीत आहेत, त्यामुळे इतकी यातायात नको. तरी त्या हबमध्ये खोचलेल्या नेऊ नका. डीजेआयचे मिनीसारख्या ड्रोनचे हब पॉवर बँकेसारखे चालतात, आणि तुमचा हब एका बॅटरीतला चार्ज दुसऱ्या बॅटरीत भरू शकतो. प्रवासात कशाला तो चाळा? हब रिकामा करून चेक-इनमध्ये टाका, बॅटऱ्या सुट्या पिशव्यांत. बॅटरीच्या टोकांवर थेट चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक राहतो आणि मग ड्रोन बॅटरी ओळखेनासा होतो. आणखी एक. या बॅटऱ्यांचं बटण एकदा दाबून मग धरून ठेवलं की त्या चालू होतात. बॅगेत काही टोचून दोन्ही गोष्टी ओळीने घडणं कठीण, पण बटणावर दाब येणार नाही अशी ठेवा.

उगाचएक

मग बॅटऱ्या पूर्ण रिकाम्या करूनच न्याव्यात ना? चार्जच नाही तर पेटणार कशी?

पोटमाळा

दिशा बरोबर आहे, टोक चुकीचं. कमी चार्जवर सेल पेटला तरी भडका लहान असतो, म्हणूनच २०१६ पासून मालवाहू विमानाने सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या पाठवताना ३० टक्क्यांची मर्यादा आली. प्रवाशाच्या सामानाला तसं सरसकट बंधन नाही, तरी ३० ते ५० टक्के ठेवणं शहाणपणाचं. शून्यावर आणून दोन-तीन आठवडे ठेवलीत तर सेल कायमचा मरू शकतो. डीजेआयची बॅटरी फार खाली गेली की झोपी जाते आणि चार्जरला लावल्याशिवाय उठत नाही. काही ठिकाणी उपकरण सुरू करून दाखवा म्हणतात. तेव्हा ठार रिकामी बॅटरी घेऊन काय दाखवणार?

टेकडीवाली

खूप मदत झाली. म्हणजे बॅटऱ्या केबिनमध्ये, अर्ध्याहून कमी चार्ज. पण ड्रोन? तो चेक-इनमध्ये टाकला तर चालेल? केबिन बॅगेत कॅमेरा आणि लॅपटॉपही आहे, जागा कमी पडतेय.

खटपट्या

चालतो. फक्त बॅटरी काढून. आत बसवलेल्या बॅटरीसकट चेक-इन करायला नियमात वाव आहे (पूर्ण बंद, चुकून चालू होणार नाही अशी व्यवस्था, दणक्यापासून संरक्षण), पण अनेक कंपन्या तेही नको म्हणतात. कशाला वाद?

मी मात्र ड्रोन केबिनमध्येच नेईन. गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा भाग) फार नाजूक असतो. पट्ट्यावरून बॅगा कशा आदळतात ते पाहिलं असेलच. चेक-इन करायचाच झाला तर गिंबलचं प्लास्टिकचं कव्हर घट्ट बसवा, पाती दुमडून बांधा, कडक पेटीत घाला आणि पेटी कपड्यांच्या मधोमध. काही कंपन्या उलट ड्रोन केबिनमध्ये घेऊ देत नाहीत, तो चेक-इनलाच द्या म्हणतात. दोन कंपन्यांची विमानं आहेत ना? दोघींचे नियम वाचा आणि जो कडक असेल तो पूर्ण प्रवासाला धरा.

दिवाभीत

गेटवरच्या प्रसंगाबद्दल कुणी बोललं नाही. विमान भरलेलं असलं की ऐन वेळी कर्मचारी तुमची केबिन बॅग मागतात, खाली टाकायला. आणि आत असतात सगळ्या बॅटऱ्या! पाठीमागे लोक खोळंबलेत, तुम्ही जमिनीवर बसून बॅगेत हात घालताय, असं नको असेल तर सगळ्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक एकाच छोट्या पिशवीत, बॅगेच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवा. बॅग मागितली की पिशवी उचलायची आणि बॅग द्यायची. स्वतःहून सांगायचं, "यात लिथियम बॅटऱ्या होत्या, त्या काढल्यात."

आत गेल्यावर ती पिशवी वरच्या कप्प्यात न ठेवता समोरच्या सीटखाली. २८ जानेवारी २०२५ ला एअर बुसानच्या विमानाला गिमहे विमानतळावर उभं असतानाच आग लागली. ती मागच्या भागातल्या वरच्या कप्प्यातून सुरू झाली, संशय पॉवर बँकेवर होता. सगळे बाहेर पडले, पण विमानाचं छत जळून गेलं. त्या मार्चपासून दक्षिण कोरियाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी घातली.

दिवाभीत

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे, दोनदा पडला)

नकाशेवाला

धागा पळवत नाही, पण विषयाला धरून आहे म्हणून विचारतो. आमच्या सर्वेक्षणाच्या कामात डीजेआयचा मोठा ड्रोन मॅट्रिस ३०० आहे. टीबी६० बॅटरी, २७४ वॉट-अवर. हे प्रवासी विमानाने कसं न्यायचं?

सोल्डरगन

बॅटरी नाही नेता येत. १६० च्या वर गेलात की संपलं, मंजुरीनेही नाही. ती मालवाहू विमानाने, धोकादायक मालाची पॅकिंग आणि कागदपत्रं करणाऱ्या एजंटकडून. प्रवासी विमानाच्या पोटातून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून पाठवणंही एप्रिल २०१६ पासून बंद आहे. वेळ हाताशी ठेवा, किंवा पोहोचाल तिथे त्याच जातीच्या बॅटऱ्या भाड्याने मिळतात का बघा. मॅट्रिस ३० ची टीबी३० मात्र १३१.६ ची आहे, ती मंजुरी घेऊन नेता येते, सुट्या दोन. मंजुरी ई-मेलवर घ्या आणि छापून जवळ ठेवा. फोनवरच्या "हो हो, चालेल" ला काउंटरवर काही अर्थ नसतो.

गंमत म्हणजे डीजेआयच्याच इन्स्पायर २ ड्रोनची टीबी५० आहे ९७.५८ आणि इन्स्पायर ३ ची टीबी५१ आहे ९८.८. शंभराच्या उंबरठ्याच्या आत अगदी मोजून थांबवलंय.

दिवाभीत

टेकडीवाली, विमानाचं झालं, आता उतरल्यावरचं. काही देशांत ड्रोन आणणंच मना आहे. मोरोक्कोत कस्टम्सवाले तो विमानतळावरच ठेवून घेतात. इजिप्तमध्ये संरक्षण खात्याच्या परवानगीशिवाय जवळ बाळगणंही गुन्हा. युरोपात आणता येतो, पण कॅमेरा असलेल्या ड्रोनच्या चालकाला नोंदणी करावी लागते, वजन २५० ग्रॅमच्या आत असलं तरी. मधल्या थांब्याकडेही लक्ष द्या. दोन वेगळी तिकिटं असतील आणि सामान घेऊन परत चेक-इन करायचं असेल, तर तुम्ही त्या देशात रीतसर प्रवेश करता आणि तिथले ड्रोनचे नियम तुम्हाला लागू होतात. बॅटऱ्यांमध्ये गुंतून हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

टेकडीवाली

बापरे. तिकिटं वेगळीच आहेत. मधल्या देशाचं आजच बघते. एक शेवटची शंका. तिकडे ड्रोन आपटला आणि बॅटरीला पोचा आला, किंवा ती फुगली, तर परतताना काय?

पोटमाळा

तर ती विमानात आणायची नाही. केबिनमध्येही नाही. खराब झालेली, फुगलेली किंवा कंपनीने परत मागवलेली बॅटरी प्रवाशाला कुठल्याच सामानातून नेता येत नाही. सपाट टेबलावर ठेवून बोटाने एका टोकाला दाबा. डुलली तर फुगलीय. कवचाला चीर, गोडसर रसायनासारखा वास किंवा हाताला विनाकारण गरम लागणं, यातलं काहीही असलं तरी तोच निर्णय. कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, हॉटेलच्या खोलीत सोडून येऊ नका. टोकं टेपने झाका (इथे डिंकाची फिकीर नको) आणि जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या केंद्रात द्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या दुकानांत बऱ्याचदा त्यासाठी पेटी असते, पण फुगलेली घेतात का ते आधी विचारा. आणि हे परतीच्या आदल्या दिवशीच उरका. विमानतळावर पोहोचल्यावर तिचं काही करता येत नाही.