निस्सान वन टन (पेट्रोल): 10 वर्षं उभी गाडी चालू कशी करावी?

डोंगरवाट
लष्कराच्या लिलावातली निस्सान वन टन (लष्करी ट्रक) शेडमध्ये 10 वर्षं उभी आहे. मूळ पेट्रोल इंजिन शाबूत आहे, कागद आहेत, पण नागरी नोंदणी झालेली नाही. ट्रॅक्टरने ओढून, गिअर टाकून चालू करावी का? ब्रेकचं काय? रंग मूळ हिरवाच ठेवायचा आहे.

पानापकड
ओढू नका. जोंगाचंच (लष्कराची जुनी जीप) 3956 सीसीचं सहा सिलिंडर इंजिन आहे. एखादा वॉल्व्ह गाइडमध्ये गंजून अडकला असेल, तर ओढताना पुशरॉड (वॉल्व्ह उघडायला जोर देणारी दांडी) वाकलाच म्हणून समजा.

आधी प्लग काढा. डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) निम्मं-निम्मं मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये 15 मिली सोडा आणि दोन दिवस थांबा. मग क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर पान्याला पाइप जोडून जोर लावू नका, पुन्हा तेल सोडा. टॅपेट कव्हर उघडं ठेवून बाराही वॉल्व्ह खाली जाऊन परत वर येतात का ते बघा.

जुनं ऑइल काढून 20डब्ल्यू-50 भरा. प्लग बाहेर ठेवूनच स्टार्टर मारा, ऑइलचं प्रेशर दिसलं की मग प्लग बसवा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम, 1-5-3-6-2-4. तासभर चालल्यावर हे ऑइलही फेकायचं, कारण तळातला गाळ त्यातच उतरतो.

टाकीतलं पेट्रोल वापरू नका. पहिल्यांदा कॅनमधून थेट पंपाला द्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्यात जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम फुगतात. दोन्ही इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्या.

ग्रीसगन
इंजिन आठवडाभर थांबलं तरी चालेल, ब्रेकचं काम थांबवून चालणार नाही. मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असेल तर एका चाकाला गळती लागली की चारही चाकांचे ब्रेक गेले. चारही ड्रम उघडा. व्हील सिलिंडरला आतून खड्डे असतील तर नुसतं रबरांचं किट बदलून भागत नाही, नवं रबर महिन्याभरात कापलं जातं. लेथवाल्याकडून स्टीलची स्लीव्ह बसवून घ्या. फ्लेक्झिबल होज बाहेरून चांगले दिसले तरी बदला. ते आतून फुगतात, तेल जातं पण परत येत नाही आणि ब्रेक धरून बसतो.

लायनिंग तेलकट निघालं तर ऑइल सील बदलण्याआधी अ‍ॅक्सलचा ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारं छिद्र) साफ करा. तो चिखलाने बुजला की आतला दाब नव्या सीलमधूनही तेल ढकलतो.

रिम दोन तुकड्यांची, बोल्टने जोडलेली असेल तर आधी वॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा. हबचे नट समजून जोडाचे नट सोडले तर रिम अंगावर उडते.

आरटीओवारी
हिरवा रंग विसरा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 121 नुसार ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. फिकट खाकी किंवा राखाडी शोभतो. नोंदणीला फॉर्म 20 आणि सोबत लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेलं फॉर्म 21 मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. लिलावाच्या पावतीवर काम होत नाही, प्रमाणपत्र नसेल तर इंजिनाला हात लावण्याआधी त्याच्या मागे लागा. चासी नंबर गंजाखाली असेल तर वायर ब्रशने हलकाच मोकळा करा. ग्राइंडर अजिबात नको, खोडलेला नंबर तपासणीत अडकतो.

डोंगरवाट
फॉर्म 21 आहे. इंजिन हाताने फिरतंय, पण 4 नंबरच्या सिलिंडरचा एक वॉल्व्ह खालीच राहतो.

पानापकड
आता फिरवणं थांबवा. पिस्टन वर आला तर वॉल्व्हवर आदळेल, पिस्टन हलकेच खाली न्या. रॉकर (वॉल्व्हचं टोक दाबणारा तुकडा) सैल करून पुशरॉड बाजूला घ्या. स्प्रिंगमधून दांड्यावर गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर मुरू द्या. सकाळी वॉल्व्हच्या टोकावर लाकडी हातोडीने हलके ठोके द्या. दोन-तीन मिमी खाली जाऊन स्प्रिंगने वर आला की पुन्हा तेल, पुन्हा ठोके. दहा-बारा वेळा केल्यावरही जड जात असेल तर हेड उतरवावंच लागेल.