तंबाखू-सिगरेट सोडतानाचे दिवस: तुमचं काय झालं?

येत्या सोमवारी माझ्या सिगरेटला सहा महिने होतील. म्हणजे ती सुटून. चौदा वर्षं, दिवसाला दहा-बारा. सोडताना अंगात काय काय होतं ते कुणी आधी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून हा धागा. उपदेश नकोत, भयानक फोटोही नकोत, ते पाकिटावर रोज बघत होतोच. मिश्री, खर्रा, मळलेली तंबाखू, सगळं चालेल.

माझं सांगतो. पहिला दिवस सोपा गेला. रक्तातलं निकोटिन दर दोनेक तासांनी निम्मं होत जातं, त्यामुळे दुसऱ्या सकाळपर्यंत ते बहुतेक संपलेलं असतं. मेंदूने हिशोब मागितला तो तिसऱ्या दिवशी. ऑफिसात तासभर एकाच ईमेलकडे बघत बसलो. घरी मुलीच्या हातून पेन्सिल पडली तर तिच्यावर खेकसलो. रात्री झोप नाही, छातीत धडधड. घाबरून ईसीजी काढला, नॉर्मल.

धडधड सापडली कॉफीत! सिगरेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा फडशा भराभर पाडत असतं. धूर बंद झाला की तेवढीच कॉफी अंगात कितीतरी जास्त वेळ रेंगाळते. आणि मी शहाणा, सिगरेटऐवजी कॉफीच वाढवली होती. पाच कपांचे दोन केले, आठवड्याभरात झोप लागायला लागली. हे कुठल्याच मित्राला माहीत नव्हतं.

*

मी मिश्रीवाली. हसू नका. माहेर सातारा जिल्ह्यातलं. आजी तव्यावर तंबाखू भाजायची, घरभर ठसका उठायचा. दहाव्या वर्षी बोट दाताला लागलं ते तीस वर्षं. बाईने सिगरेट ओढली तर गाव गोळा होईल, मिश्रीला मात्र कुणी व्यसन म्हणतच नाही. "दात घासतीय" म्हणतात. दिवसातून सहा वेळा कोण दात घासतं हो?

मला चिडचिड फारशी झाली नाही. मला छळलं पोटाने. "मिश्री लावल्याबिगर पोट साफ होत नाही" असं आमच्याकडच्या बाया म्हणतात ते खोटं नाही. निकोटिन आतड्यांना ढकलत असतं, ते थांबलं की आतडी सुस्तावतात. चार-चार दिवस जायचे. सकाळी कोमट पाणी, दुपारी पेरू, रात्री इसबगोल असं करत तीन आठवड्यांनी गाडी रुळावर आली. सासूबाई म्हणायच्या, "घे गं चिमूटभर, उगं जिवाला त्रास." त्यांची डबी चुलीशेजारीच असायची आणि मी समोर भाकऱ्या थापायची. त्यांनी सोडली नाही, पण आता माझ्यासमोर डबी काढत नाहीत. एवढं पुष्कळ झालं.

*

आमच्या चंद्रपुरात खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटायचा. चुन्यानं निकोटिन गालातून लवकर आत जाते, म्हणून त मजा येते. मले सोडायले कोणाच्या भाषणानं नाही, पाणीपुरीनं लावलं. पुरी तोंडातच जाईना! तीन बोटं उभी जायला पाहिजे, माझी दोन कशीबशी. दाताचे डॉक्टर म्हणाले, हे तोंड आखडणं सुपारीचं काम आहे, निकोटिनचं नाही. निकोटिन फक्त तुम्हाले रोज टपरीवर आणून सोडते. गेलेलं तोंड पूर्ण परत येत नाही म्हणाले.

मले त्रास हाताचा झाला. पन्नी घोटायची सवय, तळहात शिवशिव करे. मग भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या खिशात. फोडत राहायचं.

*

निकोटिन गम घेणाऱ्यांसाठी: मी तो च्युइंगमसारखा चघळला आणि अर्धा तास उचक्या देत बसलो, वर मळमळ. दोन-चारदा चावायचा, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीमध्ये दाबून ठेवायचा, ओसरल्या की पुन्हा. आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी, सरबत बंद, नाहीतर तो नीट शोषला जात नाही.

*

तुम्हा सगळ्यांची सुटली, माझी चारदा सुटली आणि तीनदा परत लागली. दर वेळी हळदीच्या कार्यक्रमात. "एकच घे रे." त्या एकीनंतर दुसऱ्या दिवशी पाकीट.

या वेळी पाकिटावरच छापलेल्या 1800-11-2356 वर फोन केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने ओढता? म्हटलं, पाचव्या मिनिटाला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तल्लफ आली की घड्याळ बघा, काही मिनिटांत उतरते. खरंच उतरते, माझी सातव्या मिनिटाच्या आसपास. मधल्या काळात मी जिने चढतो. भूक मात्र राक्षसासारखी लागते, वजन दोन किलो वाढलंय, शेजारचे "तब्येत सुधारली" म्हणतात.

आज नववा दिवस. शनिवारी मावसभावाची हळद आहे, जेवायच्या वेळेलाच पोचायचं ठरवलंय. खिशात लवंगा. लायटर बायकोला दिलाय, ती देवापुढची निरांजन पेटवते त्याने.