शब्दचर्चा : ‘डबल एजंट’ला मराठीत काय म्हणावं? (‘फितूर’ नको)

अनुस्वार :
एका युद्धपटाच्या मराठी उपशीर्षकांचं काम हातात आहे. विषय दुसर्‍या महायुद्धातला हेर हुआन पुजोल, ब्रिटिशांनी ठेवलेलं टोपणनाव गार्बो. बार्सिलोनाचा हा गृहस्थ आधी ब्रिटिशांकडे गेला, त्यांनी दारात उभं केलं नाही. मग जर्मनांना गाठून ‘तुमच्यासाठी लंडनला जातो’ म्हणाला आणि लिस्बनमध्ये बसून, पर्यटकांचं गाइडबुक आणि रेल्वेचं वेळापत्रक पुढ्यात ठेवून, लंडनच्या बातम्या रचू लागला. १९४२मध्ये ब्रिटिशांनी स्वतःच त्याला बोलावून घेतलं. पुढे त्याच्या हाताखाली २७ हेर होते आणि सत्ताविसांतला एकही जिवंत माणूस नव्हता, सगळे कागदावरचे.
मी सगळीकडे ‘दुहेरी हेर’ लिहिलं. तपासणार्‍यांनी खोडून ‘फितूर’ केलं. शेरा : “दुहेरी म्हणजे काय, दोन पदरी?” आता फितूर तो, जो आपल्या बाजूचा असून फुटतो. पुजोल फुटला कधी? गुरुवारी फाइल द्यायची आहे. सुचवा.

सुपारीचं खांड :
तपासणार्‍याचं अर्धं बरोबर आहे. आमची आजी धिप्पाड माणसाला ‘दुहेरी हाडाचा’ म्हणायची. दुहेरी हेर म्हटलं की मला लठ्ठ हेर दिसतो. सरळ ‘डबल एजंट’ लिहा. एलआयसी एजंट चालतो, एसटी चालते, मग हाच का टोचतो?

खडूफळा :
शब्द घरात असताना शेजारी मागायला जायचं ही आपली जुनी खोड. कौटिल्याने पहिल्याच अधिकरणात ‘उभयवेतन’ म्हटलं आहे. दोन्हीकडून पगार घेणारा. आणि हा फितूर नव्हेच. आपल्याच राजाने शत्रूच्या नोकरीत पेरलेला माणूस. पुढचं वाक्य तर गार्बोसाठीच लिहिल्यासारखं आहे : ‘गृहीतपुत्रदारांश्च कुर्यादुभयवेतनान्’. बायकामुलं ताब्यात ठेवूनच असे लोक नेमावेत.

अनुस्वार :
खडूताई, काय आठवण काढलीत! १९४३मध्ये पुजोलची बायको लंडनला इतकी कंटाळली की मला स्पेनला पाठवा, नाहीतर सगळं उघडं पाडीन म्हणाली. तेव्हा त्याला अटक झाल्याचं नाटक रचून तिला कैद्यांच्या छावणीत नेऊन तो दाखवला. ही युक्ती खुद्द नवर्‍याची. जर्मन पैसे पाठवत राहिले, ते ब्रिटिशांच्याच कामी आले. १९४४मध्ये जर्मनांचा आयर्न क्रॉसही मिळाला आणि ब्रिटिशांचा एमबीईसुद्धा. वेतनच काय, पदकंही दोन्हीकडची. अर्थाने शब्द शंभर टक्के बसतो.

सुपारीचं खांड :
अर्थाने बसेल, पडद्यावर बसायला नको? ओळ दोन-तीन सेकंद दिसते. ‘उभयवेतन’ वाचून प्रेक्षकाला वाटेल दोघांपैकी एकाचं पेन्शन अडकलंय. वेतन आयोग लागू झाला का त्याला? (ह. घ्या.)

खडूफळा :
‘महापौर’ शब्दालाही लोक हसलेच असतील. वापरल्याशिवाय रुळत नाही. बाकी त्याच प्रकरणांत हेरांचे प्रकार वाचण्यासारखे आहेत. विद्यार्थ्याच्या वेषातला कापटिक, व्यापार्‍याच्या वेषातला वैदेहक, जिवावर उदार झालेला तीक्ष्ण, आणि रसद.

मावळतीकर :
रसद म्हणजे फौजेला दाणागोटा पुरवणारा ना?

खडूफळा :
नव्हे, विष देणारा. रस म्हणजे विष, ते देतो तो रस-द. आपली दाणागोट्याची रसद फारसीतून आली. दोन्ही एका पंगतीला बसवू नका, जेवणारा मरेल.

मावळतीकर :
बरं. माझी सूचना : ‘डबलढोलकी’. गावात शेंबडं पोरही समजेल. नाहीतर ‘दोन्ही दगडांवर हात ठेवणारा’.

अनुस्वार :
डबलढोलकीत चेष्टा आहे. समोर जशी थाप पडेल तसा वाजणारा. हा माणूस एकाच बाजूने वाजत होता, फक्त ऐकणार्‍यांना दोन्ही बाजूंनी वाटत होतं.

दर्यासारंग_७२ :
दगड नाही हो, डगर! दोन्ही डगरींवर हात ठेवणे. डगर म्हणजे काठ, दरड. दगडावर हात कशाला ठेवील कोणी?

मावळतीकर :
आमच्याकडे दगडच म्हणतात. नदी ओलांडताना एक हात या दगडावर, एक त्या दगडावर. मी स्वतः ओलांडली आहे. तुमची डगर मी उभ्या आयुष्यात ऐकली नाही.

दर्यासारंग_७२ :
तुम्ही ऐकली नाही म्हणून नदीने काठ सोडले का?

बोरूबहाद्दर :
उशिरा आलो. ‘हेर’ हाच शब्द कुठे निर्मळ आहे? आमच्या सोसायटीतला नेपाळी रखवालदार पहिल्याच दिवशी साथीदाराला म्हणाला, “त्यो हेर!” दोन आजोबा दचकले. नेपाळीत हेर्नु म्हणजे नुसतं बघणं. हिंदीतही जुनं हेरना आहे. आपण ‘मुलगी हेरून ठेवली’ म्हणतो तेव्हा तरी कुठे हेरगिरी असते? (चांगल्या घरांत.) म्हणजे हेर हा मुळात बघ्या. बातमी रचणार्‍या गार्बोला हेर म्हणणंच चूक, तो लेखक होता. ग्लासगोला पाऊल न ठेवता त्याने कळवलं होतं, की तिथली माणसं लिटरभर वाइनसाठी काहीही करतील. व्हिस्कीच्या गावात!

खडूफळा :
हेरिक असा शब्द संस्कृत कोशांत आहे.

बोरूबहाद्दर :
असेल. देशी शब्दाला सोवळं नेसवून कोशात बसवायची पद्धत जुनीच. चूभूद्याघ्या.

सुपारीचं खांड :
शब्द आपल्याच जागी फितूर होतात हेही बघा. पेशव्यांच्या पत्रांतला जासूद हा बहुधा टपाल नेणारा, म्हणून ‘जासूदजोडी रवाना केली’. हिंदीतला जासूस मात्र हेर. आणि बातमीदार! माझे आजोबा वर्तमानपत्रात बातमीदार होते. जुनी कागदपत्रं वाचणारे त्यांचे एक मित्र मुद्दाम विचारायचे, “कुणाच्या गोटातले?”

अनुस्वार :
मंडळी, दुसरा काटाही आहे, गुरुवारही जवळ आहे. असे हेर चालवणार्‍या ब्रिटिश समितीचं नाव ‘ट्वेंटी कमिटी’. रोमन आकड्यांत वीस म्हणजे दोन फुल्या, आणि इंग्रजीत दोन फुल्या म्हणजे दगाफटकाही. ‘वीस समिती’ लिहिलं तर कोटी मरते, ‘दगा समिती’ लिहिलं तर गुपित मरतं.

बोरूबहाद्दर :
‘चारसोवीस समिती’. वीसही राहिला, दगाही राहिला.

अनुस्वार :
मोह होतोय. पण लंडनच्या साहेबांना भारतीय दंड संहितेचं कलम लावायचं?

सुपारीचं खांड :
तेही कलम आता ३१८ झालंय. नव्या पोरांना चारसोवीस म्हणजे काय हे तळटीप देऊन सांगावं लागेल. बघा, वापरात असलेला शब्दसुद्धा असा मरतो.

खडूफळा :
मरत नाही. कलम गेलं, शब्द राहील. पण ‘उभयवेतन’चं काय ठरलं?

मावळतीकर :
आत्ताच मामाला फोन केला. जन्म नदीकाठी गेलाय त्याचा. तोही दगडच म्हणतो.

दर्यासारंग_७२ :
मामांना विचारा, नदीच्या खचलेल्या काठाला काय म्हणतात.

मावळतीकर :
विचारलं. डगर म्हणाला. पण म्हणीत दगडच.