आईबाबांचा फ्लॅट विकायचाय, एजंट २ टक्के मागतोय, द्यावेत का?

डहाणूकर_कॉलनीतला:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. आईबाबांचा कोथरूडमधला वन बीएचके विकायचाय, १९९२ची बिल्डिंग, लिफ्ट नाही, तिसरा मजला आणि बाबांचे गुडघे आता साथ देत नाहीत म्हणून तळमजल्यावर किंवा लिफ्टवाल्या सोसायटीत जायचं ठरलंय. मी नोकरीला बंगळुरूत, महिन्यातून एखादा शनिवार-रविवार येणं होतं. ओळखीतून एक एजंट आला, फ्लॅट बघून म्हणाला ८५ लाख येतील आणि ब्रोकरेज २ टक्के आमच्याकडून, २ टक्के घेणाऱ्याकडून, वर १८ टक्के जीएसटी. हिशोब केला तर आमचेच २ लाखांच्या वर जातात. बाबा सरळ नाही म्हणाले, त्यांनी अख्खा फ्लॅट साडेतीन लाखात घेतला होता, नुसतं कुलूप उघडून दाखवायचे दोन लाख कसे द्यायचे असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला चुकीचं वाटत नाही. पण ते दोघं एकटे हे सगळं करू शकतील असंही वाटत नाही. शिवाय त्याला तीन महिने दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही असं लेखी हवंय. पुण्यात रेट काय चाललाय? एजंटशिवाय जमतं का? ज्यांनी विकलंय त्यांनी प्लीज सांगा.

कर्वेरोडवरून:
रिसेलला पुण्यात दोन्हीकडून १-१ टक्का हे सर्रास चालतं, २ मागतात पण देत नाही कोणी घासाघीस केल्याशिवाय. कायद्याने ठरवलेला रेट नाहीये, तुमचं आणि त्याचं जे ठरेल ते. आणि जीएसटी मागत असेल तर आधी त्याचा जीएसटी नंबर मागा, नोंदणीच नसेल तर १८ टक्के लावायचा त्याला अधिकारच नाही.

सिंहगडरोडवाली:
दादा, मी दोन्ही करून बघितलंय म्हणून सविस्तर लिहिते. सासूबाईंचा फ्लॅट आधी आम्ही स्वतःच विकायला काढला, दोन वेबसाइटवर फोटो टाकले आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू, त्यातले बहुतेक एजंटचेच, "आमच्याकडे पार्टी आहे मॅडम" म्हणणारे. शेवटी एक चांगलं जोडपं मिळालं, ५१ हजार टोकन दिलं, सगळं ठरलं आणि त्यांच्या बँकेने लोन अडवलं कारण आमच्या आधीच्या मालकाचं बिल्डरबरोबरचं मूळ अ‍ॅग्रीमेंटच आमच्याकडे नव्हतं. चेन, म्हणजे पहिल्या मालकापासूनच्या कागदांची साखळी, पूर्ण नाही म्हणे. दोन महिने त्यात गेले, त्यांचं भाड्याचं घर सोडायची वेळ आली तरी लोन होईना, मग ते दुसरीकडे गेले आणि टोकन आम्ही परत दिलं. त्या बाईंना फोनवर सांगताना मला रडू आलं होतं, त्यांची काही चूक नव्हती.

मग एका एजंटला १ टक्क्यावर दिलं. त्याने पहिल्या भेटीत घर बघितलंच नाही, आधी कागद मागितले. रजिस्ट्रार ऑफिसमधून त्या जुन्या अ‍ॅग्रीमेंटची सही-शिक्क्याची नक्कल त्याने काढली, सोसायटीची एनओसी आणि शेअर सर्टिफिकेटवर सासूबाईंचं नाव लावून घेतलं (सासरे गेल्यावर ते राहूनच गेलं होतं), आणि मगच माणसं आणली. सेक्रेटरी ट्रान्सफर फीचे लाखभर मागत होते, त्यांना त्याने सरकारचं २००१चं परिपत्रक दाखवलं, कमाल २५ हजारच घेता येतात. रजिस्ट्रेशनच्या दिवशी सकाळी नऊपासून सासूबाईंबरोबर बसला होता. त्याला दिलेला एक रुपयाही मला जड गेला नाही. म्हणून तुमच्या बाबांना म्हणावं, दार उघडायचे पैसे देऊच नका, पण हे काम कोणी करत असेल तर त्याचे द्या. काय काय करणार ते आधी कागदावर लिहून घ्या, आणि पैसे सगळे रजिस्ट्रेशननंतरच, टोकनच्या वेळी एक पैसा नाही.

शनिवारपेठेतला:
ताईंचा अनुभव चांगला आहे पण प्रत्येकाला असा माणूस मिळत नाही. दोन्हीकडून पैसे घेणारा माणूस नक्की कोणाचा, हा माझा मूळ आक्षेप आहे. आमच्या वेळी मी एजंटला विश्वासाने सांगून बसलो की अगदीच झालं तर ७२ला देऊ, आणि पुढची पार्टी येऊन पहिलं वाक्य बोलली ७२. त्याला दोन्हीकडून टक्का मिळणार, तीन लाख खाली सुटलं तर त्याचे दोन्हीकडचे मिळून सहा हजार कमी होतात, आमचे तीन लाख जातात. त्याला घाई सौदा व्हायची असते. त्यामुळे आपला शेवटचा आकडा एजंटला कधीही सांगू नका.

आणि ८५ हा आकडा त्याने कुठून काढला ते विचारा. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये जाऊन तुमच्या आसपासचे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) बघता येतात, कोणता फ्लॅट केवढ्याला आणि कधी रजिस्टर झाला ते दिसतं. एक संध्याकाळ घालवा त्यात, ती साइट हळू चालते, पण चिकाटी ठेवा.

हिंजवडी_रोजची:
थोडं वेगळं विचारते, भाड्याचं. आमचा एजंट ११ महिन्यांनी रिन्यूअलला परत अर्ध्या महिन्याचं भाडं मागतो. घरमालक तेच, आम्ही तेच, तो येऊन काही करत नाही. द्यायचं का?

कर्वेरोडवरून:
@हिंजवडी_रोजची, अजिबात नाही. मालकांशी थेट बोला, लिव्ह अँड लायसन्स (भाड्याचा करार) ऑनलाइन होतं, ११ महिन्यांचंच करायला पाहिजे असंही काही नाही, जास्त मुदतीचं करा म्हणजे दरवर्षीचा त्रास नको. स्टॅम्प ड्यूटी एकूण भाड्याच्या पाव टक्का असते (डिपॉझिटचा थोडा भाग त्यात धरतात) आणि रजिस्ट्रेशन फी शहरात १ हजार. रजिस्टर करायची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे.

टॅक्सवाले_काका:
विकणाऱ्यासाठी महत्त्वाचं: ब्रोकरेजची रीतसर पावती घ्या आणि बँकेतूनच द्या. हा खर्च कॅपिटल गेन (विक्रीतला नफा, ज्यावर कर लागतो) काढताना विक्रीच्या किमतीतून वजा होतो. रोख दिलंत, पावती नाही, तर दाखवणार काय? "कॅशमध्ये द्या, जीएसटी वाचेल" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तुमचं घर २००१च्या आधीचं आहे, त्यामुळे खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ची किंमत धरता येते, तिचं व्हॅल्युएशन करून घ्या, साडेतीन लाखांवर हिशोब करत बसू नका. आणि ५० लाखांच्या वर सौदा म्हणजे घेणारा १ टक्का टीडीएस (बाबांच्या नावावर भरायचा आगाऊ कर) कापणार, बाबांचं पॅन तपासून ठेवा.

बाणेरचा_नवा:
नवीन घेणाऱ्यांसाठी एक ओळ: बिल्डरच्या स्कीममध्ये एजंटला पैसे बिल्डर देतो, तुमच्याकडून वेगळं मागत असेल तर द्यायचं नाही. आणि महारेराचा (बिल्डर-एजंटांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नंबर बघा, एजंटचा ए वरून सुरू होतो.

डहाणूकर_कॉलनीतला:
सगळ्यांचे मनापासून आभार, बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. सिंहगडरोडवाली ताई, तुमचा अनुभव ऐकून ते बराच वेळ गप्प होते, मग उठून कपाटातली फाइल काढली. काल एजंटशी बोललो, १ टक्का, रजिस्ट्रेशननंतर, चेकने, आणि तीन महिन्यांऐवजी ४५ दिवस एवढ्यावर तो आलाय. कामांची यादी लिहून द्यायला मात्र कां कूं करतोय, म्हणून अजून हो म्हटलेलं नाही, रविवारी अजून एकाला भेटतोय. ई-सर्च केलं, आमच्याच गल्लीत एवढाच फ्लॅट, तोही बिनलिफ्टचा, ९१ला गेलाय. आता कोणी ८५ला द्या म्हटलं तरी मी मानणार नाही.

एक अडचण, फाइलमध्ये १९९२चं अ‍ॅग्रीमेंट आहे पण इंडेक्स टू नाही. तो एवढा जुना मिळतो का?

सिंहगडरोडवाली:
मिळतो. अ‍ॅग्रीमेंटवरच्या शिक्क्यात दस्त नंबर आणि साल असेल, आणि कोणत्या हवेली ऑफिसचा (पुण्यातल्या सब-रजिस्ट्रार ऑफिसांना हवेली क्रमांक असतात) आहे तेही. त्याचा स्पष्ट फोटो काढून ठेवा आणि त्या ऑफिसात नकलेचा अर्ज द्या. जुनं रेकॉर्ड शोधायला वेळ लागतो, म्हणून एजंट ठरायची वाट बघू नका, याच आठवड्यात अर्ज टाका.